सव्वा मुठीचा कुत्रा

कुत्र्याला मी घरच्या पुरुषांत मोजलं तेव्हा मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होतो आणि स्वतःला समाजसुधारक समजत होतो. यातली पहिली गोष्ट तरी खरी होती.

आम्ही धुळ्याला, पांझरेपलीकडे देवपुरात राहायचो. श्रावण लागला तसं विज्ञानाच्या सरांनी वर्गाला फर्मान काढलं, "प्रत्येकानं आपल्या घरातली एक अंधश्रद्धा शोधायची, ती मोडायची आणि मग निबंध लिहायचा." कुणी मांजर आडवं गेल्यावर मुद्दाम पुढं जाणार होता, कुणी शनिवारी नखं कापणार होता. मला असली किरकोळ कामं नको होती. मी थेट कानबाईच्या रोटांना हात घातला.

आमच्याकडे श्रावणात नारळाची कानबाई बसते. त्या नारळाला नथ घालतात, साडी नेसवतात, आणि एकदा नेसवली की तो नारळ राहत नाही, घरात कुणीतरी बाई आल्यासारखी वाटते. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा. तो जात्यावर दळायचा आणि त्याचे रोट करायचे. ते रोट फक्त ज्याच्या नावाची मूठ पडली त्या घरानं खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, गाईला नाही. खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा आमच्याकडे अंगणातल्या खड्ड्यात जायचं.

मागच्या वर्षी मी रोटाचा एक तुकडा आमच्या कुत्र्याला टाकला होता. कुत्र्यानं काठीचा मार खाल्ला, मी वडिलांच्या हाताचा. त्या दिवसापासून त्या कुत्र्यानं उंबरा ओलांडला नव्हता. आता मला तोड सुचली होती. मूठ पडली की तो घरचा, हा तर त्यांचाच नियम! मग कुत्र्याच्या नावाची मूठ टाकायची, त्याला रोट खाऊ घालायचा, आणि काही वाईट झालं नाही की निबंध लिहून मोकळं व्हायचं. माझ्याच अकलेवर मी इतका खूश झालो की त्या रात्री मला झोप लागेना.

घरात पुरुष सहा. आबा म्हणजे आजोबा, वडील, धाकटे काका, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. सातवे मोठे काका. बारा वर्षांपूर्वी अशाच श्रावणात, भरदुपारी, "पाचोऱ्याला जाऊन येतो" म्हणून ते छत्री घेऊन निघाले ते आलेच नाहीत. मी तेव्हा तीन वर्षांचा. मला त्यांची फक्त पाठ आठवते, आणि तीही खरी की ऐकीव, कोण जाणे. त्यांची बायको, आमची काकू, मात्र रोज कुंकू लावायची आणि दर वर्षी त्यांच्या नावाची मूठ पडायची. मूठ पडते आहे म्हणजे माणूस आहे, असा आमच्या घरातला हिशोब.

पण त्या वर्षी बारा वर्षं पुरी झाली. बारा वर्षं खबर नसलेला माणूस गेला असं धरायचं, गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं भटजींनी सांगितलं. आबा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "या साल त्यानी मूठ लेवानी नही." म्हणजे मोठ्या काकांच्या नावाची मूठ बंद. कानबाई उठली की पुतळा जाळायचा आणि काकूच्या बांगड्या फोडायच्या, असं ठरलं. काकूनं ऐकलं आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

समाजसुधारकानं खरं तर या विषयावर निबंध लिहायचा. पण सोपं होतं ते कुत्रं.

शनिवारी दुपारी मुठी काढल्या. त्या वर्षी श्रावण कोरडा होता आणि चैत्रासारखं ऊन पडलं होतं. आमच्या खानदेशात रात्रीला कुणी भीत नाही, रात्री माणसं बाजा टाकून गल्लीत गप्पा मारतात. भीती असते ती भरदुपारची. दारं लोटलेली, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि आपलंच पाऊल आपल्यामागून येतंय असं वाटतं.

आबा डोळे मिटून एकेक नाव घेत होते. त्यांचा हात थरथरायचा म्हणून मुठी मी टाकत होतो. नाव झालं की परातीत सव्वा मूठ आणि लाल फडक्यावर एक सुपारी. सहा नावं झाली. आबा डोळे मिटूनच हात जोडून पुटपुटत राहिले. मी दाराकडे पाहिलं. कुत्रा उंबऱ्याबाहेर बसून माझ्याकडेच बघत होता. मी सातवी मूठ टाकली, सातवी सुपारी ठेवली आणि अगदी गरीब चेहरा करून उठलो. परात झाकायला काकू आत गेली.

तासाभरानं जात्यावर बसण्याआधी मायनं, म्हणजे माझ्या आईनं, सुपाऱ्या मोजल्या.

"आबा, कितल्या मुठी?"

"सहा."

"आठ शेतस."

मी सात केल्या होत्या. सातच. आबांनी पुन्हा मोजल्या, वडिलांनी मोजल्या. आठ. फडक्यावर आठ सुपाऱ्या चकाकत होत्या. आठवी कुठली, तेही ओळखू येईना, सगळ्या सारख्याच.

"मी सहाच नावं लिन्हात," आबा म्हणाले. "टाकणारा कोन व्हता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक मूठ कबूल करता आली असती हो. पण मग दुसरी कुणाची? मी मान हलवली. आयुष्यात खोटं बरंच बोललो आहे, पण दातखीळ बसून बोललेलं ते एकच.

मायनं हळू आवाजात अर्थ लावला, आणि तो घरभर पसरला. मोठ्या काकांना ती भाऊ म्हणायची. "एक तर भाऊनीच शे. कानबाई मायनीच टाकी. त्या जित्ता शेतस!" आणि दुसरी? धाकटे काका नको ते बोलून गेले, "तठे पोऱ्या व्हयना व्हई."

म्हणजे मोठे काका जिवंत आहेत, दुसरीकडे संसार थाटून आहेत, आणि त्यांना मुलगा आहे. देवीनं बाप आणि लेक दोन्ही मोजले. पुतळा जाळायचं तिथंच राहिलं. सगळ्यांची तोंडं उजळली, फक्त काकू भिंतीला धरून खाली बसली. तिला मूल नव्हतं. विधवा व्हायची ती सवत असलेली झाली, आणि ते माझ्या कुत्र्यापायी. पण आठवी मूठ कुणी टाकली हे कळेपर्यंत तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

रविवारी कानबाई बसली. पुरुषांची पंगत मांडली आणि आबांच्या सांगण्यावरून आठ पाट, आठ ताटं. शेवटची दोन रिकामी. रोट, गंगाफळाची भाजी, खीर सगळं वाढलेलं. "बठ्ठा बसा," आबा म्हणाले. आम्ही पहिला घास उचलला आणि कुत्रा आत आला.

वर्षभर ज्यानं उंबऱ्याला नाक लावलं नव्हतं, तो नखं वाजवत सरळ माजघरात आला, पंगतीमागून शेवटपर्यंत गेला आणि आठव्या पाटावर बसला. धाकट्या काकांनी पायरीवरची काठी उचलली.

"त्याले मारू नका," आबा म्हणाले.

तो खाईना. शेजारच्या सातव्या, रिकाम्या पाटाकडे मान वर करून बघत राहिला. जिथं बसलेल्या माणसाचा चेहरा असेल, तिथं. आणि शेपटी हळूहळू जमिनीवर आपटत होती. ओळखीच्याला बघून आपटावी तशी. त्या कुत्र्यानं मोठ्या काकांना कधी पाहिलंच नव्हतं. ते गेल्यानंतर नऊ वर्षांनी तो आमच्याकडे आला होता. माझ्या घशात रोट अडकला तो अडकलाच. शास्त्रीय दृष्टिकोन पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलावा म्हटलं, तर तोही जाईना.

काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनं त्या दिवशी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

सोमवारी सकाळी कानबाई पांझरेवर नेली. बाया गात होत्या, फुगड्या चालल्या होत्या. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, नदीला कमरेएवढं गढूळ पाणी होतं. नारळ बुडवून सगळ्या बाया मागं फिरल्या. काकू फिरली नाही. एकेक पाऊल पुढं टाकत ती धारेकडे निघाली होती, पाठमोरी, अगदी शांतपणे. आणि मला एकदम काकांची पाठ आठवली.

मी पुस्तकं, धोतर, सुधारणा सगळं विसरून पाण्यात धावलो. धोतर तर खरंच सुटलं, काठावरच्या पोरी अजून हसत असतील.

"काकू! एक मूठ आपला कुत्रानी व्हती!"

ती थांबली. पाणी तिच्या कमरेशी होतं. "काय म्हनना?"

"कुत्रानी. मी टाकी. काकाले पोऱ्या बिऱ्या काही नही. कुत्राले रोट देवाना व्हता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण तिचा चेहरा हलला, आधी ओठ, मग सगळाच, आणि ती हसायला लागली. हसता हसता पाण्यात बसली, तिला उठवायला गेलो तर मीही बसलो.

"येड्या," ती म्हणाली, "दुसरी मनी व्हती."

परात झाकायला गेली तेव्हा आठवी मूठ आणि सुपारी तिनंच टाकली होती. बांगड्या फुटू नयेत म्हणून. मग आठ निघाल्या आणि ती माझ्याइतकीच घाबरली होती. आपली एक काकांच्या नावाची, मग दुसरी देवीचीच, म्हणजे पोरगं खरंच असणार. दोन दिवस आम्ही दोघं एकमेकांच्या मुठीला भीत होतो.

घरी आम्ही काही सांगितलं नाही. काकूचं कुंकू राहिलं. शाळेत सरांनी विचारलं, "काय, मोडली का अंधश्रद्धा?" मी म्हणालो, "नाही सर, वाढली. सहाच्या आठ झाल्या." सरांनी निबंधाला शून्य दिलं आणि ते योग्यच होतं.

पुढच्या श्रावणात काकूनं मला पाणवठ्यावर गाठलं. "आवंदा तू नही, मी बी नही," ती म्हणाली. "व्हई ते व्हई." बांगड्या गेल्या तर जाऊ देत, पण देवीशी पुन्हा लबाडी नाही. मी शपथ घेतली. त्या दुपारी मुठी आबांनी स्वतः काढल्या, थरथरत्या हातानं, डोळे मिटून. नावं सहाच घेतली. मी परातीपासून चार हात लांब होतो, काकू तर अंगणात होती.

मायनं सुपाऱ्या मोजल्या. सात.

काकूनं अंगणातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनंही हलवली. मग आम्ही दोघांनी आबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"सात," ते म्हणाले. "बरोबर शे. पुतळानं नाव पुन्हा काढू नका या घरमा."

ती मूठ आबांची की आणखी कुणाची, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढं आबा वारले तेव्हाही काकूच्या हातात बांगड्या होत्या. त्या वर्षी मुठींच्या दुसऱ्या दिवशी पंगतीत सात पाट मांडले. कुत्रा आत आला, सातव्या पाटापर्यंत गेला, आणि त्यावर बसला नाही. अंग चोरून, पाटाच्या बाजूला, जमिनीवर बसला. कुणाला तरी जागा करून द्यावी तसा.