बाईंनी जळू दिलेली मोटर

कुमुदबाईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या विहिरीवर झाली. मी हरिहरेश्वर परिसरात पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतो. तीन वर्षांपूर्वी पौषात बाईंच्या सुपारीच्या वाडीतला पंप पाणी ओढेनासा झाला म्हणून मला निरोप आला. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई घरी गाणे शिकवतात, एवढेच मला ठाऊक होते. व्हॉल्व्हमध्ये अडकलेला पाला मी काढला, पंप सुरू केला आणि शेवटच्या सुपारीपर्यंत पाणी पोचायची वाट बघत थांबलो. मोटर चालू असली की मी एखादा अभंग म्हणतो, ही माझी जुनी खोड. त्या घरघरीत कुणाला काही ऐकू येत नाही, असा माझा समज होता. मान वर केली तर बाई समोर उभ्या.

"मिस्त्री, गाणं शिकलायत कुठं?"

"छे हो बाई. मोटरीच्या आवाजात कायपण खपून जातं."

"मोटरीच्या सुरातच गात होतात तुम्ही. गुरुवारी चारला या."

मी हत्यारे गोळा केली आणि काढता पाय घेतला.

पळण्यामागे कारण होते. गणपतीत आमच्या गावात भजनी मंडळ घरोघरी जाते आणि ज्याचे घर त्याने निदान एक अभंग उचलायचा, अशी रीत आहे. विशीत असताना मी तो मोठ्या उत्साहाने उचलला, वरच्या सुरात आवाज फाटला आणि अख्खी ओटी हसली. हसणारे दुसऱ्या दिवशी विसरले, मी मात्र विसरलो नाही. तेव्हापासून दरवर्षी आमच्या घरी भजन आले की मी फ्यूज बघायला म्हणून मागच्या दाराने बाहेर पडत असे. पुढे मुलगा अभंग उचलू लागला. मी पन्नाशीला आलो तरी फ्यूज बघतच होतो.

बाईंनी बोलावल्याचे मी घरी सांगितले, तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोने, भाकरी थापता थापताच निकाल दिला. "जावा की. दरवर्सी फ्यूज बघायला जाता, पन गेलेला फ्यूज काय मला अजून दिसला न्हाय."

एक गुरुवार चुकवून दुसऱ्या गुरुवारी मी गेलो. बाई पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सा लावा." माझ्या तोंडून नुसती हवा बाहेर आली. बाई उठल्या आणि मागच्या पडवीत गेल्या. मला वाटले, कंटाळल्या. तेवढ्यात मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. परत येऊन बाईंनी पेटी खिडकीपाशी ओढली, बोटाने मोटरीचा सूर शोधला आणि तोच धरून ठेवला.

"आता म्हणा. मला ऐकू येत नाहीये असं समजा."

मी म्हणालो. बाईंना अर्थातच सगळे ऐकू येत होते.

पुढे कित्येक महिने माझी शिकवणी अशी मोटरीच्या आडोशाने चालली. मला वाटे, त्यांची शिंपण्याची वेळच चारची असेल. नंतर शेजाऱ्यांकडून कळले, की बाई आयुष्यभर सकाळी सहाला वाडी शिंपत आल्या होत्या. माझ्यासाठी त्यांनी गुरुवारचे शिंपणे दुपारवर नेले. उन्हात कसले शिंपता, असे कुणी विचारलेच तर त्या म्हणत, "झाडांना विचारून ठेवलंय मी."

बाई गोड बोलून फसवत नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. माझे गाणे त्यांनी आजतागायत 'छान' म्हटलेले नाही. "मागच्यापेक्षा जवळ आलात," हे त्यांचे सर्वांत मोठे बक्षीस, आणि तेवढ्यावर मी आठवडा काढतो. पण कुणाचा अपमान मात्र त्या होऊ देत नाहीत. एकदा मी लवकर पोचलो, तेव्हा आधीच्या तासाच्या शाळकरी मुली अजून बसल्या होत्या. माझा खर्जातला सूर ऐकून त्या फिदीफिदी हसल्या आणि माझी विशीतली ओटी पुन्हा डोळ्यांपुढे आली. बाईंनी मुलींना रागावणे टाळले. "काकांच्या खालच्या सुरापर्यंत उतरून दाखवा बघू," एवढेच म्हणाल्या. एकीलाही उतरता आले नाही. "बरं, मग काकांनी तो धरून ठेवायचा आणि तुम्ही त्याच्यावर गायचं." त्या दिवशी पाच मुली माझ्या आवाजाच्या आधाराने गायल्या. घरी जाताना मी मोटरसायकल अगदी सावकाश चालवली, कारण डोळे भरून येत होते.

दुसऱ्या वर्षी वैशाखात विहिरीचे पाणी खाली गेले. मीच बाईंना बजावले, की आता पंप अर्ध्या तासाच्या वर चालवायचा नाही, कोरडा चालला तर जळेल. त्यामुळे शिकवणीही अर्ध्या तासाचीच झाली. एका गुरुवारी अभंगाचा अंतरा चालू होता. वर्षभर हुलकावणी देणारी वरची जागा त्या दिवशी कशी कोण जाणे हाती लागली. मी डोळे मिटून ती पुन्हा पुन्हा घेत राहिलो. अभंग संपवून डोळे उघडले तर सगळीकडे शांतता, आणि घरभर जळक्या वासाचा धूर.

मी पडवीत धावलो. पाणी संपून पंप कोरडा चालला होता, सील जळले होते, शाफ्ट जॅम झाला होता आणि वाइंडिंग काळे पडले होते. मोटर केव्हाच बंद पडली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना कोरडा पंप आवाजावरून ओळखायला शिकवणारा मी, माझ्या कानावर तो आवाज आलाच नाही. शरमेने मी खाली बसलो.

"बाई, तुमच्या तरी लक्षात यायला हवं होतं!"

"आलं होतं की. पंपाचा आवाज फिरला तेव्हाच आलं."

"मग उठला का नाहीत?"

"मी उठले असते तर तुम्ही थांबला असतात. मोटर तुम्ही भरून द्याल. मोटर बंद पडल्यावर तुम्ही अख्खा अंतरा गायलात, मिस्त्री. तो मला परत कुणी भरून दिला असता?"

मोटरीचे वाइंडिंग मी दोन दिवसांत भरून दिले. त्यानंतर बाई पुन्हा सकाळी सहाला शिंपू लागल्या, आणि चारची शिकवणी नुसत्या पेटीवर सुरू झाली.

त्या भाद्रपदात आमच्या घरी भजन आले. बाई स्वतः आल्या आणि उंबऱ्यापाशी बसल्या. मंडळाच्या बुवांनी मुलाकडे पाहिले, मुलाने माझ्याकडे पाहिले. पाय सवयीने मागच्या दाराकडे वळू बघत होते. मी उचलला. पहिल्या ओळीला आवाज थरथरला, दुसरीला स्थिरावला. वरची जागा जवळ आली तेव्हा बाई मांडीवर हलकेच ताल धरून होत्या, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. जागा लागली. मंडळाने ओळ उचलून धरली आणि मला रडू आवरेना. प्रसाद वाटताना मंडळी कानाशी येऊन म्हणाल्या, "आज फ्यूज शाबूत हाय, व्हय?"

आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवी सोहळ्याच्या दिव्यांचे आणि माइकचे काम गौरव समितीने माझ्याकडे दिले आहे आणि पहिला अभंगही मीच म्हणावा, असा बाईंचा हुकूम आहे. बाईंना भरपूर आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. माझ्यासारखे भेदरलेले प्रौढ विद्यार्थी त्यांच्या ओटीवर येत राहोत आणि त्यांच्या विहिरीला वैशाखातही पाणी राहो. समितीला मात्र एक नम्र सूचना आहे. माझा अभंग चालू असताना मंडपातला फ्यूज गेलाच, तर तो बघायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावे. मी उठणार नाही.