कानटोपीवाल्या मॅडम

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या स्कॅन सेंटरच्या जिन्यात, डोक्यावर कानटोपी घालून, मी एकदा एकटाच नाचलेलो आहे. माझ्यासारख्या घुम्या माणसावर ही वेळ आणली आमच्या डॉक्टर मॅडमनी.

ठाण्यातलं कॅन्सरच्या स्कॅनचं सेंटर, मी तिथला टेक्निशियन. भर मे महिन्यात लहान मूल स्कॅनला आलं की मॅडम एसी बंद करायच्या, त्याला गोधडीत गुंडाळायच्या, वर कानटोपी. मूल लाजलं तर आईबापांनाही टोपी, मलाही, स्वतःलाही. “आधी ऊब, मग फोटो!” इंजेक्शन दिल्यावर तासभर हलायचं नाही, हसायचंही नाही. सगळे टोपीत, घामाघूम, गंभीर चेहऱ्याने समोरासमोर. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

कारण साधं होतं. मुलांच्या मानेत, खांद्यांत तपकिरी चरबी असते. थंडी वाजली की ती साखर जाळून अंग तापवते. आमचं इंजेक्शनही साखरेचंच, म्हणून फोटोत तिथे दिवे लागतात. थेट कॅन्सरच्या गाठींसारखे.

मग माझ्याच मुलीवर स्कॅनची वेळ आली. तिच्या कॅन्सरचे उपचार संपले होते, आजार उरलाय का एवढंच बघायचं होतं. डिसेंबरात सकाळी सकाळी विठ्ठलवाडीहून तिला घेऊन आलो. पडद्यावर तिची मान लखलखली आणि मी धावत मॅडमना बोलावून आणलं.

मॅडमनी आधी चित्र पाहिलं, मग मला.

“कशावर आणलीस रे?”

“स्कूटरवर.”

“स्वेटर?”

“घरी राहिला.”

“अरे शहाण्या! गावभरच्या पोरांना टोप्या घालतोस, आणि स्वतःची पोरगी उघडी?” मग हळूच म्हणाल्या, “नक्की आत्ताच नाय सांगत मी. परत करू. या वेळी चांगली शेकून.”

पुढच्या आठवड्यात खोलीत हीटर, दोन गोधड्या, आणि आम्ही तिघं टोपीत. मुलीला हसू आवरेना.

“हसलीस ना, तर बापाला अजून एक स्वेटर घालीन,” मॅडम कुजबुजल्या. मी आधीच दोन घातले होते.

फोटो आला. मानेत एकही दिवा नव्हता.

“सुटलास!” मॅडमनी माझ्या पाठीत धपाटा घातला. “आता हिला घेऊन घरी जेवायला ये. तुझ्या तोंडून चार शब्द ऐकू देत.”

मी नुसती मान डोलावली आणि जिन्याकडे पळालो. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

मॅडम निवृत्त होऊन मानपाड्याला राहिल्या. आज जाऊ, उद्या जाऊ, असं मी करत राहिलो. त्यांच्यासमोर रडू फुटेल याचीच लाज. यंदा पावसाळ्यात त्या गेल्या.

मुलगी आता कॉलेजात जाते. तिला त्यांच्या दारात नेऊन उभं करायचं माझ्याकडून अजून बाकी आहे.