शालनचं केसांचं इरलं

शालन गेल्याचं दिरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, “काही बोलली का?” त्यांना वाटलं, मी शेवटची इच्छा विचारतेय. मला धास्ती वेगळीच होती…

शालन माझी धाकटी जाऊ. कासार आंबोलीत आमची घरं शेजारीशेजारी. नकली केसांची पुडकी पुण्याहून मीच आणायचे. ती तारेच्या सांगाड्यावर वेण्या ताणून टोप्या करायची, नवरीच्या खोप्याला मोर, पानं, फुलं. एकदा तिनं केसांचं इरलं केलं, भातलावणीत पावसापासून आडोसा म्हणून डोक्यापाठीवर घेतात तसंच. डोक्यावर घेऊन म्हणाली, “आक्का, लावणीला जाऊ का आशी? बाया काम सोडून बघत बसत्याल.” “बसत्याल कशाला, पळत्याल,” मी म्हटलं. दोघी खूप हसलो.

मग तिचा मोर माळलेली एक नवरी लग्नानंतर आजारी पडली आणि गावात कुजबुज सुरू झाली. माले गावच्या एक बाई मला विचारायला आल्या. त्यांच्याच घरी माझ्या लेकीची बोलणी चालली होती. “शालनकडचे केस मसणातले असत्यात म्हणं. खरं का वो?” एक शब्द पुरला असता. पण जावेची बाजू घेतली आणि स्थळ मोडलं तर… “मला न्हाई बाई ठाऊक,” मी म्हणाले.

लेकीचं लग्न त्याच घरी झालं. शालनकडं नवऱ्या यायच्या थांबल्या. तरी ती करत राहिली, कुणी न मागितलेलं. एकदाच म्हणाली, “आक्का, तुमाला कुणी काय इचारलं व्हतं का?” मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत राहिली.

तेराव्याला त्याच विहीणबाई म्हणाल्या, “ह्या टोप्या घरात नका ठेवू, नदीत सोडा.” मी इरलं पुढ्यात ओढलं. इरल्याचा एक केस उपटला आणि काडी ओढून त्याला लावली. खरा केस जळून राख होतो. हा आक्रसला, वितळला, टोकाला काळा मणी धरला.

“प्लास्टिक हाय. मीच आणायचे. तुमी इचारलं तवाबी मला ठाऊक व्हतं.”

मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, “मग तवा का न्हाई बोलला?”

“लेकीचं जमायचं व्हतं,” मी म्हणाले.

लेक दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.