रताळ्याचा पाय

हे अमेरिकेहून परतले तेव्हा गालांवर चांगली तुकतुकी होती, आणि तीच मला खटकली. कंपनीनं सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. आमचं घर माळकऱ्यांचं, अंडंसुद्धा वर्ज्य. आकुर्डीच्या दोन खोल्यांत मी सहा महिने याच काळजीत होते, की हा माणूस तिकडं पाव-दुधावर दिवस काढत असेल.

पहिला आठवडा तसाच गेला म्हणे. ज्या घरी खोली भाड्यानं घेतली होती, तिथली मालकीण साठीची काळी विधवा बाई. हे नुसती केळी खातात हे तिनं पाहिलं. "घरी काय खातोस?" विचारल्यावर यांनी पोळीचं वर्णन केलं. तिनं शोधून कोंड्यासकट गव्हाचं पीठ आणलं. पोळी दोघांनाही जमली नाही. मग तिनं त्याच पिठाची पारी केली, वर रताळ्याचं सारण भरलं आणि ओव्हनमध्ये भाजलं. तिच्या रीतीत अंडी होती, ती यांच्यासाठी वगळली. पुढं दर रविवारी तिनं तो पाय केला.

सासूबाई लेकाला बघायला चऱ्होलीहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रताळ्याला पाय कुठनं आला रं?"

"अगं आई, त्यांच्या भाषेत पाय. उघडी पुरणपोळी समज, भट्टीत भाजलेली."

सासूबाईंनी विचारलं, "तिला लेकरं किती?"

"एक मुलगी. लांब असते."

"मंग एकलीच जेवत आसंल ती."

मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण परक्या बाईनं माझ्या नवऱ्याचं पोट माझ्यापेक्षा चांगलं ओळखलं, हे टोचलं. पासपोर्टात घडी घालून ठेवलेला, तिच्या हातचा कृतीचा कागद मी मागून घेतला. मी मॅट्रिक होते, इंग्रजी वाचता येत होतं.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी शेतातली रताळी आणली. मी कणकेत तुपाचं मोहन घातलं, माठातल्या पाण्यानं घट्ट भिजवली आणि जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत पारी बसवली. रताळी उकडून, दोरे काढून कुस्करली. त्यात गूळ, खवा आणि जायफळ घातलं. पातेल्यात वाळू तापवून त्यात थाळी ठेवली. तळ करपला, वरचं सारण ओलंच राहिलं. यांनी दुसरा तुकडा मागितला नाही.

"आपन नानकटाई भाजायला न्हेतो तसं न्हाई का न्हेता यायचं?" सासूबाईंनी विचारलं.

मग रविवारी पुन्हा तशीच पारी करून सारण भरलं आणि दुपारी आम्ही दोघी थाळी फडक्यात बांधून, बसनं पिंपरीच्या कॅम्पातल्या बेकरीत गेलो. पावाच्या लाद्या निघाल्या होत्या, भट्टी अजून गरम होती. बेकरीवाल्यानं फडकं उचलून बघितलं. "बहनजी, ये क्या चीज है?"

मी उत्तर जुळवेपर्यंत सासूबाईच म्हणाल्या, "पाय हाय. सांभाळून भाज बाबा."

तो काय समजला कोण जाणे, पण लांब दांड्याच्या फळीवर थाळी ठेवून त्यानं ती भट्टीच्या कडेला सरकवली. अर्ध्या तासानं खमंग वास आला. पारी बदामी झाली होती, सारण मधोमध किंचित फुगून तडकलं होतं.

घरी आल्यावर यांनी पहिला घास खाल्ला आणि मान हलवली. "असा नव्हता तिचा."

माझे डोळे भरले. सासूबाईंनी आपला तुकडा हातावर घेतला, चावून बघितला आणि लेकाला म्हणाल्या, "तिचा तिच्या हाताचा, हिचा हिच्या हाताचा. गप खा." हे ओशाळले. त्यांनी तीन तुकडे खाल्ले, आणि ते मला बरं वाटावं म्हणून नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला पत्र लिहायला बसवलं. त्या सांगत गेल्या, मी इंग्रजीत उतरवत गेले. "लिव्ह, माज्या लेकाला उपाशी ठिवलं न्हाईस. इकडं आलीस तर आमच्याकडंच उतर."

महिन्या-दीड महिन्यानं उत्तर आलं. पायात गूळ घातल्याचं मी लिहिलं होतं. गूळ म्हणजे काय, असं तिनं विचारलं होतं. मी उसापासून गुऱ्हाळापर्यंत पानभर उत्तर लिहिलं. मग वर्षाला एक-दोन पत्रं येत राहिली. तिचे गुडघे, माझी बाळंतपणं, सासूबाईंचा मोतीबिंदू, सगळं त्यांत असे. सासूबाई प्रत्येक पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायच्या. चार-पाच वर्षांनी पत्रं थांबली. आम्ही लागोपाठ तीन पाठवली, पण उत्तर आलं नाही. तिच्या मुलीचा पत्ता आमच्यापैकी कुणीच कधी मागून घेतला नव्हता.