चंपतरावांचा हसरा फोटो

रोडग्यांची पार्टी म्हटली की आमच्या मानेवाड्यात चंपतरावांवाचून पान हलत नसे. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे तेच, तुपात बुडवून आग्रहानं वाढायचे तेच आणि शेवटी स्वतः सहा रिचवायचेही तेच. एकशे अडतीस किलोचा माणूस. हसले की खालची खुर्ची कुरकुरायची.

साखर वाढली, गुडघे गेले, म्हणून त्यांनी पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्यात काहीच चुकलं नाही. साखर उतरली, वर्षभरात पन्नास किलो गेले. आम्ही 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो जोडून ग्रुपवर फिरवले.

पुढच्या पार्टीत ते पाव रोडगा चिवडत बसले होते.

"काय करू गा रुपराव," मला म्हणाले. "जेवणं सुरू झाले का उठून जावं वाटते. लोक म्हणतात, छान दिसून राहिले. मले तर आरशात कोणी दुसराच दिसते."

आणि मी शहाण्यानं काय केलं? त्यांच्या हातात ग्लास दिला. ऑपरेशन झालेल्या पोटात दारू झपाट्यानं चढते. अर्ध्या ग्लासात ते डुलायला लागले, तर आम्हाला हसू आवरेना.

डॉक्टरांनी दारू बंद सांगितली होती, समुपदेशकाकडेही जायला सांगितलं होतं. त्यांच्या पत्नी, जयवंतावहिनी, त्यांना घेऊन निघाल्या, तर फाटकात मीच आडवा आलो.

"मनाच्या डॉक्टरकडे काहून वहिनी? हे काय पागल झाले का?"

चंपतराव ओशाळले, मागे फिरले आणि चपला काढून घरात गेले. पुन्हा कधी निघाले नाहीत. माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

अर्ध्याचा पूर्ण ग्लास झाला, मग सकाळपासूनच सुरू. दुसऱ्या वर्षी कावीळ झाली, यकृत गेलं, आणि चौपन्नाव्या वर्षी चंपतरावही गेले.

तेरवीला भिंतीवर लावायला फोटो हवा होता.

"भाऊजी, तुमच्याजवळ लई फोटो आहेत," वहिनी म्हणाल्या. "बारीक झाल्यावरचा द्या, हसतानाचा. त्याइले तोच आवडला असता."

मी मोबाइल उघडला. शंभरेक फोटो मीच काढलेले: जुन्या ढगळ शर्टात, नव्या शर्टात, वजनकाट्यावर. वहिनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एकाही फोटोत ते हसत नव्हते. आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.