दुधाच्या कपाटामागची बाजू

नाम्सोसच्या सोल्फ्रीद म्यूर्वांगने आयुष्यभर इंग्रजीतून नॉर्वेजियनमध्ये काय काय आणलं नाही! धुलाईयंत्रांची, बर्फ उपसायच्या यंत्रांची, एकदा तर शवपेट्यांची माहितीपत्रकं. नाव मात्र कधी कुठे छापून आलं नाही. यंदा येणार होतं. दुकानांच्या एका मोठ्या साखळीने जुना माल आधी खपवायचे नियम तिच्याकडे दिले आणि दुकानादुकानांत लागणाऱ्या फलकाखाली तिचं नाव घालायचं कबूल केलं. मग काय, बाईंनी एकेक शब्द घासूनपुसून, मोठ्याने म्हणून पाहिला. मंगळवारी सकाळी मजकूर छापखान्यात गेलासुद्धा.

बुधवारी ईस्टरसाठी दुकानं लवकर मिटतात, म्हणून ती लगबगीने दूध आणायला गेली. दुधाच्या थंड कपाटात हात घातला, तर पलीकडून दुसरा हात पुढे आला!

"ओरडतेस काय, मी आहे मी," कपाटामागच्या थंड खोलीतून दुकानातला गुडमुंड हसला. दुधाची खोकी तो मागच्या बाजूने भरत होता, वर्षानुवर्षं भरतो तशीच.

सोल्फ्रीदला एकदम आपला फलक आठवला. त्यावर होतं : आधी जुना माल बाहेर काढा, नवा आत खोल सारा, मग जुना आपल्या हाताजवळ लावा. मूळ इंग्रजी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाइकाच्या बाजूने भरायचं कपाट होतं. गुडमुंडने तसं केलं, तर ताजं दूध गिऱ्हाइकाच्या हाती लागणार आणि जुनं त्याच्यापाशी नासत राहणार. साऱ्या दुकानांत. आणि खाली नाव कुणाचं?

तिने तिथूनच छापखान्याच्या ओड्वारला फोन लावला.

"अरे, माझे फलक छापलेस?"

"कुठले फलक, बाई? मी डोंगरावरच्या घरी आलोय. बर्फ काय सुरेख पडलंय! काल दुपारीच यंत्र बंद केलं."

"म्हणजे एकही नाही?"

"आता चिडू नकोस. सुट्टी संपली की पहिलं काम तुझंच."

"चिडू? आळशा, तुझ्या पायांवर डोकं ठेवीन मी!"

"ऐकलंस का गं," ओड्वार तिकडे बायकोला सांगत होता, "सोल्फ्रीदने सकाळपासूनच प्यायला सुरुवात केलेली दिसतेय."

सोल्फ्रीद हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले आणि थेट थंड खोलीत शिरून एका पालथ्या क्रेटवर बसली.

"गुडमुंड, ऐक, दुकानांच्या फलकावर आता असं घालते. जुनं नेहमी गिऱ्हाइकाच्या हाताशी, नवं त्याच्या पाठोपाठ. भरणारा कुठेही उभा असो."

गुडमुंडने दोन खोकी हातात घेतली, एक पुढे ढकललं, दुसरं त्यामागे सरकवलं.

"बरोबर आहे."

"नक्की?"

"अगदी नक्की. आता ऊठ आणि ते दार लाव, माझं दूध तापतंय."