द्वारकाची जोडीदारीण

द्वारकाबाई माझी धाकटी जाऊ. शिरड शहापुरात आमचं घर, दोघींची चूल एकच. बावीस वर्षं झाली, अन् त्यातली धा वर्षं मी तिला सोंगाडी म्हणत व्हते. आता सांगायला लाज वाटती, पण खोटं काहून बोलावं?

तिचं असं व्हतं. एखादा महिना अंगात धा हत्तींचं बळ. आमचं अंगण सारवून झालं की शेजारच्या पंचफुलाबाईचंबी सारवायची, कोऱ्या साड्या वाटून टाकायची, तोंडाला दम म्हणून न्हाई. अन् मग एकदम आडवी. भिंतीकडं तोंड करून दोन-दोन महिने पडून. डोक्याला तेल न्हाई, केसात फणी न्हाई. नेमकी हळद काढायच्या दिवसात पडली की माझं टाळकं सरकायचं. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी म्हणायची, "काम आलं की हिचं सोंग चालू."

शेवटी तिच्या नवऱ्यानं, किसनरावानं, तिला नांदेडला दाखवलं. डॉक्टर म्हणले, मनाचा आजार हाय, गोळ्या रोज लागतील. तिनं एक गोळी चुकवली न्हाई. सहा वर्षं झाली, बाई ठणठणीत हाय. बारा शेळ्या सांभाळती, अन् पिठलं माझ्यापेक्षा चांगलं करती.

यंदा पुनम नावाची संशोधन करणारी पोरगी घरी आली. या आजाराची खूण रक्तात सापडते का, ते ती शोधून राहिली. म्हणली, रक्तात आरएनएचे बारीक तुकडे असतात. त्यातले काही स्वतः काहीच बनवत न्हाईत, पण अंगातल्या कोणत्या जनुकानं किती काम करायचं ते ठरवतात.

द्वारकाला झटक्यात समजलं. "म्हणजे हळद शिजवताना कढईला हात न लावता नुसतं 'जाळ कमी करा' म्हणणारा माणूस."

"अगदी तोच," पुनम हसली. "आजारात तो बदलतो का, ते बघायचंय. अजून पक्कं काही नाही, मावशी. तुम्हाला फायदा होईल असंही नाही."

पण तिला द्वारकाच्या जोडीला एक धडधाकट बाई पाहिजे व्हती. वय तेवढंच, खाणंपिणं त्याच घरातलं, पण रक्ताचं नातं नको. जोडीदारीण न्हाई मिळाली तर द्वारकाचं रक्तबी घेणार नव्हते. साऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी साफ न्हाई म्हणले. असल्या यादीत माझं नाव कशाला?

द्वारका भांडली न्हाई. शेळ्यांना पाला टाकता टाकता म्हणली, "आक्का, माझं तर आता बरं चाललंय. पण उद्या एखाद्याची सून अशी पडली, तर तिला कुणी सोंगाडी म्हणू नये. एवढंच."

माझं नाव घेतलं न्हाई तिनं. घेतलं असतं तर मी भांडले तरी असते.

सोमवारी उपाशीपोटी आमी दोघी हिंगोलीला गेलो. चहाबिगर माझं डोकं फिरतं. गाडीत कंडक्टरशी भांडले, द्वारका पदर तोंडाला लावून हसून राहिली.

रक्त काढायच्या आधी पुनमनं मला प्रश्न विचारले. झोप लागते का, रडू येतं का. राग येतो का म्हणल्यावर द्वारकाच मधी बोलली, "लय येतो, लिहा." मग पुनम म्हणली, "घरात कुणाला मनाचा आजार? मला माहीत आहे, पण तुमच्या तोंडून लागतं."

द्वारका खाली बघून राहिली.

"व्हय," मी म्हणले. "माझ्या जावेला."

निकालाला काही वर्षं लागतील, असं पुनमनं सांगितलं. परतीच्या गाडीत द्वारका माझा हात धरून बसली. मला लय बरं वाटलं.

गल्लीत शिरलो तर पंचफुलाबाई ओट्यावर. "कुठं गेल्ता दोघी?"

मी गल्लीच्या मधोमध थांबले. पूर्वी ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात बोलले. "द्वारकाच्या आजाराची खूण रक्तात दिसती का, ते बघायला. सोंग नव्हतं ते. आजार व्हता. मी धा वर्षं खोटं बोलले."

दोन-चार दारं उघडली. द्वारकानं डोळे पुसले अन् माझी पिशवी हातातून घेतली.

"आक्का, हळू बोला," ती म्हणली. "शेळ्या बुजतील."